मास्तरांच्या ओसरीवरचं इंग्रजी

चार माणसं एकमेकांचं भलं चिंतत बसली, तर त्यांच्याजवळ पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही. आमचं तसं नव्हतं. आम्ही दर रविवारी सकाळी नागपूरच्या महाल पेठेत मास्तरांच्या ओसरीवर आपलं इंग्रजी सुधारायला बसायचो, आणि शेजारच्याचं आपल्यापेक्षा जास्त सुधारलं तर नाही ना, हे बघत बसायचो. अशा जागी किस्से आपोआप साचतात. कोणी मुद्दाम जमवत नाही, आणि ते झाडून काढायलाही कोणाला सवड नसते.

आम्ही तिघंही सिव्हिल लाइन्समधल्या एकाच कचेरीत कारकून. एक मी. माझे वडील कारकून, आजोबाही कारकून, त्यामुळे इंग्रजी आपल्या रक्तात आहे अशी माझी समजूत होती. दुसरे गोविंदराव, माझे शेजारी, वयानं आणि वजनानं आमच्यात मोठे. तिसरा वामन. तो काटोलकडच्या खेड्यातला, संत्र्याच्या बागाईतदाराचा मुलगा. बोलायला लागला की 'मले' आणि 'तुले'. कचेरीत नवीन आला तेव्हा मला त्याची थोडी कीव आली होती. ती फार दिवस टिकली नाही.

*

ही शिकवणी सुरू झाली ती गोविंदरावांमुळे.

मध्यप्रांताचा सगळा कारभार इंग्रजीत चाले आणि आम्ही तो रोज लिहीत असू. पण आमचं इंग्रजी 'आय बेग टू स्टेट'पासून सुरू व्हायचं आणि 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'पाशी संपायचं. मधला मजकूर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला असायचा. आम्ही फक्त नावं बदलायचो.

त्या वर्षी एक नवा साहेब आला. तरुण होता, विलायतेहून आल्याला फार दिवस झाले नव्हते, आणि त्याला माणसांशी बोलायची हौस होती. एकदा रात्रभर पाऊस पडला. सकाळी कचेरीच्या व्हरांड्यात त्यानं गोविंदरावांना थांबवलं आणि हसून इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घराचं छप्पर बरं आहे ना? माझं तर गळलं."

गोविंदरावांचंही छप्पर गळलं होतं. घरभर पातेली ठेवून ते आले होते. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्याचा मसुदा कुठे तयार नव्हता. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले,

"सर, द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन."

साहेब बराच वेळ हसला. आम्हीही हसलो. पण जागेवर येऊन बसल्यावर मी मनाशी विचार करून पाहिला की मला विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, आणि मग मी हसायचा थांबलो.

*

मास्तर म्हणजे एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. उंच, सडपातळ, कानाला थोडे जड. आम्ही तिघं गेलो तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "व्याकरण मी शिकवणार नाही. ते तुम्हाला येतं. तुम्हाला लिहिता येत नाही. ज्या वस्तूला रोज हात लागतो तिच्यावर अर्धं पान लिहून आणायचं, आणि इथे मोठ्यानं वाचायचं."

पहिला विषय दिला 'माझी छत्री'.

मी आठवडाभर खपलो. छत्रीचा इतिहास, छत्रीचे उपयोग, राजेलोकांच्या डोक्यावरचं छत्र, असं सगळं घेतलं. गोविंदरावांनी लिहिलं की मला छत्री नाही, सबब लिहिण्यासारखं काही नाही. खाली सही केली होती.

मग वामन वाचू लागला. इंग्रजी अगदी साधं, पहिल्या-दुसऱ्या पुस्तकातले शब्द. त्याचा अर्थ असा होता: 'माझी छत्री मी जुन्या बाजारातून घेतली. तिचा आधीचा मालक माझ्याहून उंच असावा, कारण दांडा लांब आहे. तो कोण होता हे मला माहीत नाही. पण पाऊस आला की माझ्या डोक्यावर थोडी जागा रिकामी राहते, ती त्याची आहे.'

एवढंच. मास्तरांनी तो कागद मागून घेतला आणि पुन्हा मनाशी वाचला. माझा कागद त्यांनी मागितला नव्हता.

परत जाताना गोविंदराव म्हणाले, "पोरगा बरा लिहितो हो."

मी म्हटलं, "स्पेलिंगच्या दोन चुका होत्या."

*

त्यानंतर मला एकच ध्यास लागला. हा माणूस करतो काय, हे शोधून काढायचं. माझी खात्री होती की कोणीतरी त्याला गुपचूप शिकवत असणार. एखादा पाद्री असेल, एखादी मिशनची मडम असेल.

गोविंदरावांनी खबर आणली की वामन रोज सकाळी जुम्मा तलावाकडे जातो आणि तिथे इंग्रजीत बोलतो. दुसऱ्या दिवशी मीही फिरायला म्हणून निघालो.

तलावाच्या काठी धोब्यांची कामं चालू होती. जरा बाजूला, एका पिंपळाखाली वामन उभा होता आणि इंग्रजी बोलत होता. हळू, नीट, हातवारे करून. कालचा दिवस कसा गेला, कचेरीत काय झालं, जेवायला काय होतं. समोर धोब्याचं गाढव उभं होतं.

मला पाहून तो मुळीच लाजला नाही.

"हे काय करतोयस?" मी विचारलं.

"बोलून राहिलो."

"गाढवाशी?"

"घरी बोललो त बायको हासते. कचेरीत बोललो त तुम्ही हासता. हे हासत नाही, अन् सारं ऐकून घेते."

मी घरी आलो, पण ती गोष्ट काही डोक्यातून जाईना. दोन-चार दिवसांनी, वामन यायच्या आधी, मी तिथे जाऊन पोचलो. गाढव होतं. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून मी घसा साफ केला आणि कर्तव्य या विषयावर बोलायला सुरुवात केली.

दुसऱ्या वाक्याला ते पलीकडे निघून गेलं.

*

मग मी डिक्शनरी घेतली. सीताबर्डीला जुन्या पुस्तकांचा एक विक्रेता बसत असे, त्याच्याकडे ती जाडजूड पडली होती. ती घरी आणताना उपरण्याखाली धरून आणली. कोणाला दाखवायची नाही असं ठरवलं होतं. वामनजवळ साधे शब्द होते. माझ्याजवळ आता असे शब्द येणार होते की ते त्यानं कधी ऐकलेही नसतील.

त्या आठवड्याचा विषय होता 'आमची विहीर'. मी तिला विहीर म्हटलंच नाही. तिला मी इतकी मोठी नावं दिली की वाचताना माझाच श्वास पुरेना. गोविंदराव तोंड उघडं टाकून बघत राहिले. वामनसुद्धा मान खाली घालून ऐकत होता. मला फार बरं वाटलं.

मास्तरांनी कागद घेतला, तांबड्या पेन्सिलीनं खाली काहीतरी लिहिलं आणि परत दिला. लिहिलं होतं, 'पाणी आहे की नाही?'

पण वामननं त्यातला एक शब्द ध्यानात ठेवला होता. संध्याकाळी तो घरी आला. "दिनकर, तुझ्याजवळ डिक्शनरी हाये काय गा? मले एक शब्द पाहाचा होता."

"माझ्याजवळ कुठली आली?" मी म्हटलं.

तेवढ्यात आमची इंदू आतून बाहेर आली. ही माझी बायको. मदत करायचा तिला भारी उत्साह. "अहो, ते जाड पुस्तक नाही का? लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवलंय ते. आणू का?"

तिनं आणलं. वामननं ते मांडीवर घेतलं, पोथीसारखं अलगद उघडलं आणि आपला शब्द शोधला. मग बोट नाकाशी नेऊन हुंगलं.

जाताना इंदूला म्हणाला, "वयनी, आंबा चांगला मुरला हाये."

*

'माझा शेजारी' हा विषय मास्तरांनी दिला तेव्हा त्यांना कल्पना असावी. गोविंदराव आणि मी एका भिंतीचे शेजारी. त्यांच्या अंगणातल्या शेवग्याची एक फांदी आमच्याकडे आली होती, आणि तिच्या शेंगा इंदू काढत असे. यावर आमच्यात कधी बोलणं झालं नव्हतं. मराठीत बोलायला दोघांनाही संकोच वाटे.

गोविंदरावांनी कागद उघडला आणि वाचलं, "माय नेबर इज अ गुड मॅन. ही इज ईटिंग माय शेवगा सिन्स फाइव्ह इयर्स."

मी उठून उभा राहिलो. "युअर ट्री इज एन्टरिंग माय हाऊस विदाउट परमिशन."

"ट्री इज नॉट क्लार्क! ट्री डझ नॉट टेक परमिशन."

"देन व्हाय यू आर काउंटिंग माय वाइफ्स शेंगा?"

"बिकॉज दे आर माय वाइफ्स शेंगा."

पुढे आणखी पुष्कळ झालं. छप्पर निघालं, पातेली निघाली, माझ्या वडिलांनी त्यांच्या वडिलांना कधीकाळी काय म्हटलं होतं तेही निघालं. सगळं इंग्रजीत. ओसरीवरून जाणारे लोक थांबून ऐकू लागले.

वामन घाबरला. "अजी मास्तर, थांबवा नं यांले."

मास्तर कानामागे हात धरून, थोडे पुढे झुकून ऐकत होते. "थांबवू कशाला?" ते म्हणाले. "दोघंही एकदा अडखळले नाहीत."

मला त्या दिवशी पहिल्यांदा शाबासकी मिळाली. पण ती गोविंदरावांबरोबर वाटून घ्यावी लागली, त्यामुळे तिची चव गेली.

*

खरा त्रास मला घरी होता. रविवारी जेवताना इंदू विचारायची, "आज काय विषय होता?" मी माझं लिहिलेलं तिला मराठीत सांगायचो. ती ऐकायची, ताकाची वाटी पुढे सरकवायची आणि म्हणायची, "छान. वामनरावांनी काय लिहिलं?"

'कंदील' या विषयावर वामननं लिहिलं होतं, 'आमच्या घरी कंदील एकच होता. ज्याचा अभ्यास असेल त्याच्याजवळ तो ठेवत. बाकीचे अंधारात बसून गप्पा मारत, कारण गप्पांना उजेड लागत नाही.' मी हे तिला सांगितलं आणि चूक केली. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना ती गोविंदरावांच्या बायकोला तेच सांगत होती. मग चार घरांपलीकडे गेलं. आठ-दहा दिवसांनी माझी सख्खी बहीण आमच्याकडे आली आणि मलाच म्हणाली, "दादा, गप्पांना उजेड लागत नाही म्हणे. किती खरं आहे नं?"

'कंदील' या विषयावर मीही लिहिलं होतं. ज्ञानाचा प्रकाश आणि अज्ञानाचा अंधार, दोन्ही बाजू घेऊन.

तेव्हा माझ्या डोक्यात एक युक्ती आली. इंदूला इंग्रजी येत नव्हतं. कोणाचं लिखाण कोणतं, हे तिला मी सांगेन तसं. पुढचा विषय होता 'ताप'. मी लिहिलं होतं की आरोग्य हे मनुष्यजातीचं परमधन असून ज्वर हा त्याचा तस्कर होय. रविवारी जेवताना तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, "वामनरावांनी काय लिहिलं?" मी माझंच लिखाण, एक शब्द न गाळता, वामनचं म्हणून सांगितलं. आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

तिनं घास तसाच हातात धरला. जरा विचार केला.

"आज त्यांना बरं नसेल हो," ती म्हणाली. "अगदी तुमच्यासारखं लिहिलंय."

*

उन्हाळ्यात सरकार थंड हवेसाठी पचमढीच्या डोंगरावर जात असे. साहेब जायचे, त्यांच्याबरोबर दप्तरं जायची, आणि दप्तरांबरोबर काही निवडक कारकून. बाकीचे नागपुरात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत बसायचे. जो एकदा पचमढीला जाऊन आला तो पुढे वर्षभर 'तिकडची हवा' यावर बोलायचा आणि आपण ऐकायचं.

त्या वर्षी आमच्या शाखेतून एकालाच न्यायचं होतं. साहेबानं आम्हा तिघांना बोलावलं, कागद दिले आणि विषय सांगितला: 'कचेरीला येताना आज मी काय पाहिलं.' मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अशा विषयांचाच तर आम्ही सराव करत होतो. मग वामनकडे नजर गेली आणि उकळ्या थांबल्या. तो आधीच लिहीत होता.

मी सूर्योदय घेतला. वामननं रस्त्यावर पाणी मारणारा भिस्ती घेतला. ओल्या मातीचा वास घ्यायला थांबलेल्या टांगेवाल्याबद्दल काहीतरी लिहिलं. मी तिरक्या नजरेनं दोन ओळी वाचल्या आणि पचमढीची आशा सोडली.

गोविंदरावांनी लिहिलं, 'आय सॉ नथिंग. आय वॉज लेट.'

साहेबानं गोविंदरावांना निवडलं. हेडक्लार्कनं कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, की या माणसाचं वाचायला वेळ लागत नाही.

मे महिन्यात मास्तरांच्या पत्त्यावर गोविंदरावांचं कार्ड आलं. आम्ही दोघं डोक्याला ओलं फडकं बांधून ओसरीवर बसलो होतो. मास्तरांनी वाचून दाखवलं, "हिअर इट इज कोल्ड. इव्हनिंग आय वेअर मफलर. प्लीज राइट हाऊ इज नागपूर."

मास्तरांनी तांबडी पेन्सिल घेतली, 'इव्हनिंग'च्या आधी राहिलेले दोन शब्द घातले, आणि तेच कार्ड पाकिटात घालून गोविंदरावांना परत पाठवलं. दुसरं काही लिहिलं नाही.

जाताना वामन म्हणाला, "गोविंदरावाचं वाचून मले आजवर कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं."

त्या उन्हाळ्यात माझं आणि वामनचं फार चांगलं जमलं. दोघांचाही जीव एकाच मफलरवर जळत होता.

*

आता शेवटची गोष्ट. ही मी फार कमी वेळा सांगतो.

हिवाळ्याचे दिवस होते, संत्र्याचा हंगाम. मास्तरांनी विषयही तोच दिला होता: 'संत्रं'. त्या रविवारी वामन आला तो एका म्हाताऱ्याला घेऊन. पांढरं मुंडासं, अंगात जाड बंडी, खांद्यावर घोंगडी, हातात संत्र्यांची टोपली.

"आमचे आबा," वामन म्हणाला.

वामनचे वडील सदाशिवराव. माल घेऊन नागपूरच्या बाजारात आले होते, संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते. मुलाचं इंग्रजी त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांना रामराम करून ते खांबाला टेकून बसले आणि टोपली पुढे ठेवली.

"हे ज्याचं इंग्रजी सगळ्यात चांगलं, त्याच्यासाठी," ते म्हणाले. आणि वामनकडे बघून हसले. टोपली कोणाच्या घरी जाणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आमच्याही नव्हती.

गोविंदरावांनी वाचलं. संत्रं गोल असतं, नागपूरला होतं, रेल्वेनं जातं.

मग वामननं कागद काढला. त्याचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा बारीक होता. त्यानं वाचलं त्याचा अर्थ असा:

'माझे वडील सदाशिव संत्रं सोलताना बोलत नाहीत. पहिली फोड ते स्वतः खातात. मग थोडा वेळ थांबतात. कधीकधी ते संत्रं बाजूला ठेवून दुसरं सोलतात. मग ते आम्हा मुलांना देतात. लहानपणी मला वाटायचं, सगळी संत्री गोडच असतात.'

मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. गोविंदराव जमिनीकडे बघत होते. मला वाटलं की हे मला का सुचू नये, माझ्याही वडिलांनी मला संत्री सोलून दिलीच असतील.

म्हातारा वाट बघत होता. वामननं कागदाची घडी घातली तेव्हा तो म्हणाला, "झालं? एवढंच?"

"एवढंच, आबा."

मग माझी पाळी. माझा मजकूर तीन पानी होता. मी उभा राहिलो. आवाज चढवला. फलोत्पादन, हवामान, साम्राज्याचा व्यापार, सगळं घेतलं. लांब शब्द आले की हात वर नेला. म्हातारा सरसावून बसला. त्याचे डोळे चमकू लागले. मी संपवलं तेव्हा त्यानं मांडीवर थाप मारली.

"याले म्हणते इंग्रजी," तो म्हणाला. "साहेब बोलते तसं. वामन्या, तू काहून असं वाचत नाही रे? इतके वर्स झाले शिकून राहिला तू."

वामन म्हणाला, "शिकून राहिलो, आबा."

म्हाताऱ्यानं टोपली उचलून माझ्या हातात दिली. "घ्या मालक. अन् आमच्या पोराले थोडं शिकवत जा. मनाचा चांगला हाये तो, पर आवाज नाही त्याच्यात."

इतके दिवस मला वामनपेक्षा वरचढ ठरायचं होतं. मी मास्तरांकडे पाहिलं. ते अजून चष्माच पुसत होते.

दुपारी म्हाताऱ्याला स्टेशनवर पोचवायला टांगा आणला. वामननं घोंगडी आत ठेवली. मी टोपली ओसरीवर ठेवून निरोप द्यायला बाहेर आलो होतो. म्हातारा टांग्यात बसला, आणि टांगेवाला लगाम ओढणार तेवढ्यात त्यानं त्याला थांबवलं.

"वामन्या," तो म्हणाला, "मले इंग्रजी समजत नाही. पर त्यात माह्यं नाव आलं होतं. सदाशिव म्हणला तू. चारचौघांत."

"हो."

"काय लिवलं होतं?"

वामननं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू नये, असं त्या बघण्यात होतं, की मीच सांगावं असं होतं, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

"संत्र्याचं लिवलं, आबा," वामन म्हणाला. "आपल्या घरचं संत्रं कसं असते, ते."

म्हातारा जरा विचारात पडला. "काही आंबट निघतात," तो म्हणाला. "ते बी लिवलं काय?"

"नाही," वामन म्हणाला. "ते मले माहीत नव्हतं."